कलप लावणारे हात

थोरलीला तिच्या नावानं हाक मारणारं माणूस त्या दुकानात एकही नव्हतं. गिऱ्हाइकं थोरली म्हणायची, सामान पोचवणारा थोरली म्हणायचा, आणि केर काढणारी बाई, जी वयानं तिच्याहून चांगली मोठी होती, तीसुद्धा थोरलीच म्हणायची. कारण दुकान दोघी बहिणींचं होतं आणि दुसरी होती धाकटी. धाकटी दारापाशी काउंटरवर, थोरली आत खुर्चीमागं. धाकटीची जीभ आणि थोरलीचे हात, या दोन गोष्टींवर ते दुकान चालतं, असं लोक म्हणायचे. पण जिभेला हाड नसतं आणि तिला काही होतही नाही. जे व्हायचं ते हातांना होतं.

खरं तर दुकान सुरू केलं थोरलीनं. लग्न मोडून ती माहेरी परत आली तेव्हा आईवडील गेलेले होते आणि धाकटी अजून शाळेत होती. थोरलीनं घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची टाकली, कपाटाचा आरसा काढून भिंतीला लावला आणि बायकांचे केस कापायला बसली. त्याच खुर्चीच्या जोरावर तिनं धाकटीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, तिची मुलगी कडेवर वागवली. पुढं मोठ्या रस्त्यावर गाळा मिळाला तेव्हा कागद धाकटीच्या नवऱ्याच्या नावावर झाले. "ताई, तुला कशाला सह्यांची कटकट? घर काय, दुकान काय, सगळं आपलंच," असं धाकटी म्हणाली. थोरलीलाही ते पटलं. तिला कागदापेक्षा केस बरे वाचता यायचे.

तिचा हात बसला होता कलपावर. केस कापणारे छप्पन्न असतात, पण थोरलीनं लावलेला कलप कलप वाटायचा नाही. कानामागं डाग नाही, कपाळावर रेघ नाही, आणि डोकं टोपी घातल्यासारखं एकजात काळंकुट्टही नाही. नोकरीच्या मुलाखतीला जाणारे, दुसरं लग्न ठरलेले, निवृत्त झालेले पण ते मान्य नसलेले, आता बायकाच नव्हे तर पुरुषही, सगळे तिच्याकडं यायचे. एक वकीलसाहेब दर वेळी खुर्चीत बसताना म्हणायचे, "रंग नको हं, नुसतं जरा पॉलिश." थोरली म्हणायची, "हो साहेब, नुसतं पॉलिश." आणि मुळापर्यंत पांढरं झालेलं डोकं काळं करून द्यायची. कुणाचं गुपित तिनं कधी बाहेर नेलं नाही.

हातमोजे तिनं घातलेच नाहीत. मोजे घालून कलप लावणं म्हणजे मोजे घालून पीठ मळणं, असं तिचं म्हणणं. केस कोरडा किती, जाड किती, रंग किती पितोय, हे बोटांना कळायचं. संध्याकाळी नखं तपकिरी असायची आणि त्याचा तिला थोडा अभिमानच होता.

मग खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग तळव्यांवर. बारीक पाण्याचे फोड यायचे, फुटायचे, त्यांच्या भेगा व्हायच्या. थोरलीनं साबण बदलला, कपडे धुवायची पावडर बदलली, लिंबू खायचं सोडलं. दुखणं एकीकडं आणि मलम दुसरीकडं. मीठ चिमटीत धरलं की डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी सामानवाल्याकडून तिनं काळ्या रबराचे हातमोजे आणवले, तर मनगटंही सुजली. पातळ मोजे घातले, तर कलप त्यांतून आत झिरपल्यासारखा बोटं पेटायची.

गिऱ्हाइकांच्या नजरेतून हे सुटणार थोडंच! वर्षानुवर्षं येणारी एक बाई आरशातून थोरलीचे हात बघत राहिली आणि म्हणाली, "राग मानू नकोस थोरले, पण आज धाकटीलाच लावू दे. हे लागट नसेल ना?"

"लागट नाही हो," थोरली म्हणाली.

"तसं नाही गं. पण उगाच कशाला?"

धाकटीला कलप धड लावता येत नव्हता. मग भाचीला बोलावलं. धाकटीची ही मुलगी नुकतंच शिक्षण संपवून घरी बसली होती. थोरलीनं तिला मागं उभं राहून शिकवलं, आणि पोरीनं भराभर उचललंही. थोरलीची रवानगी मागच्या खोलीत झाली. बिनखिडकीच्या त्या खोलीत टॉवेल धुवायचे, वाडगी विसळायची, कलप कालवून पुढं पाठवायचा. म्हणजे जे डोक्यांवर हातानं लावताना बाधत होतं, तेच आता कोंडल्या हवेत दिवसभर नाकाखाली.

भाचीनंच हट्ट करून तिला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पाठीवर औषधांच्या पट्ट्या चिकटवल्या, पुन्हा बोलावलं, पट्ट्या काढल्या आणि आरसा धरून दाखवलं. इतक्या जागांपैकी एकच जागा फुलली होती, पण भाजल्यासारखी लाल.

"याचं नाव पॅराफेनिलिनडायामिन," डॉक्टर म्हणाले.

"नाव ठेवायला दुसरं माणूस मिळालं नव्हतं वाटतं," थोरली म्हणाली. डॉक्टर हसले, पण मग गंभीर झाले.

"कारखान्यात बनतं हे रसायन. मुळात फिकट असतं, हवा लागली की काळवंडत जातं. कलपाची सगळी जादू त्याचीच. आणि त्याची भावंडं काळ्या रबरात असतात, गडद कपड्यांच्या काही रंगांत असतात."

"मग इतकी वर्षं कसं काही झालं नाही?"

"शरीर सोसतं, सोसतं, आणि एक दिवस डूख धरतं. एकदा धरला की सोडत नाही."

"औषध?"

"मलम देतो. पण खरं औषध म्हणजे हे काम सोडायचं. आणि स्वतःच्या डोक्याला तर कधीही लावायचं नाही. हात फुटले तर भरून येतील. डोक्याला लावलंत तर घसा सुजून श्वास अडकू शकतो, हे लक्षात ठेवा."

धाकटीनं ते सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. "डॉक्टरांचं काय जातंय काम सोडा म्हणायला? सकाळी शटर त्यांना उघडायचंय का?" मग पुढच्या दाराकडं बघून आवाज खाली आणला. "आणि हे बाहेर बोलू नकोस हं, ताई. गिऱ्हाइकं बुजतील."

थोरली बोलली नाही. पण डोकं बोलायला लागलं. कलप बंद झाल्यावर आधी भांग पांढरा झाला, मग कानशिलं, मग सगळंच. कलपवालीचंच डोकं पांढरं, अशी कुजबुज व्हायची. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट हलकं वाटायचं. धाकटीला मात्र ते डोकं दिसलं की डोळ्यांत खुपायचं.

अशात कलप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दुकानात आला. दुकानावर भलामोठा फलक लावायचा, त्यावर दोघी बहिणींचा फोटो, खाली ओळ, 'दोन बहिणी, एकच रंग'. धाकटी हरखली.

"मला नको गं त्यात," थोरली म्हणाली. "तू आणि पोरगी उभ्या राहा."

"कंपनीला बहिणी हव्यात, ताई."

"मग मी रुमाल बांधते डोक्याला."

"रुमाल बांधून कलपाची जाहिरात? आणि पांढरं डोकं घेऊन माझ्याशेजारी उभी राहिलीस तर लोक म्हणतील आई-मुलगी." धाकटीनं पिशवीतून एक हिरवा डबा काढला. वर पानं काढलेली होती. "म्हणून तर हा आणलाय. निव्वळ झाडपाला. तुझं ते लांबलचक नाव यात नाही. मी विचारून आणलंय."

फोटोच्या आदल्या दुपारी धाकटीनं अर्धं शटर ओढलं आणि बहिणीला खुर्चीत बसवलं. ज्या खुर्चीमागं थोरलीचं आयुष्य गेलं, तिच्यात ती अशी क्वचितच बसली असेल. धाकटी मागच्या खोलीतून वाडगं घेऊन आली. तिनं हातमोजे घातले होते, आणि त्यांच्यावर आणखी एक जोड. थोरलीनं आरशातून वाडग्याकडं बघितलं. आणलं तेव्हा आतलं मिश्रण सायीच्या रंगाचं होतं. बघता बघता त्यानं कडेला तपकिरी रेघ धरली, मग ती रेघ आत सरकत गेली. झाडपाला असा रंग बदलत नाही. हे थोरलीला जितकं ठाऊक होतं तितकं त्या रस्त्यावर कुणालाच नव्हतं.

"धाकटे, हे तेच तर नाही ना?"

"तुझी शपथ, ताई."

धाकटी हे बोलली तेव्हा तिनं आरशात वर बघितलं नाही. थोरलीच्या मनात एकदम आलं की उठावं. पण उठायचं म्हणजे बहिणीला तोंडावर खोटी म्हणायचं. हिला आपण बोट धरून चालायला शिकवलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. ही आपली खोटी शपथ घेईल? डोळ्यांना दिसत होतं ते नाकारणं त्या घटकेला तिला सोपं गेलं. तिनं डोळे मिटून घेतले. पहिला थंड फटकारा भांगात पडला.

सकाळी तिला डोळे उघडताच येईनात. पापण्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, कान दुप्पट झाले होते, डोक्यातून पाणी गळून उशी ओली झाली होती, आणि घशात कुणी मूठ कोंबावी तसा श्वास अडकत होता. भाचीनं ते बघितलं आणि किंकाळी फोडली. तिनंच गाडी बोलावली, तिनंच मावशीला कवेत धरून जिने उतरवले, आणि इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत "मावशी, श्वास घे गं, घेत राहा," म्हणत राहिली.

फोटो मात्र ठरल्या वेळी झाला. भाचीला फोन करून इस्पितळातून बोलावून घेतलं, तोंड धुऊन उभं केलं. कंपनीच्या माणसानं दोन शब्द बदलले आणि फलक तयार झाला, 'आई-मुलगी, एकच रंग'. कंपनीला बहिणीच हव्यात असं काही नव्हतं. आई-मुलगीही चालून गेली.

संध्याकाळी धाकटी सफरचंदं घेऊन इस्पितळात आली. फोटोचा रंग अजून गालांवर होता. परिचारिकेनं विचारलं, "काय लावलं होतं यांना?" तर धाकटी म्हणाली, "काही नाही हो, मधमाशा चावल्या." थोरलीला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. परिचारिका गेल्यावर ती फुगलेल्या ओठांतून म्हणाली, "माझी शपथ घेतलीस."

"मग काय करणार होते?" धाकटीचा आवाज एकदम चढला. "तुझे पांढरे त्या हिरव्या डब्यानं झाकले असते का? तूच नाही का शिकवलंस मला, पाल्यानं पांढरं लपत नाही म्हणून? आणि थोडंसंच तर घातलं होतं."

"किती थोडं?"

धाकटी पिशवीतली सफरचंदं उगाच वरखाली करत बसली. "मला काय माहीत इतकं होईल," ती म्हणाली. "तुला तर ऊठसूट काही ना काही होतच असतं."

घरी परत आल्यावर थोरलीनं आपले कपडे एका पेटीत भरले. भांडण केलं नाही. भांडायला समोरच्याला आपलं काही चुकलंय असं वाटावं लागतं. तिनं एका किल्लीवाल्याच्या दुकानावर खोली घेतली आणि काम शोधायला लागली. केस सोडून दुसरं काही तिला येत नव्हतं. शिवणकामाच्या कारखान्यात लागली तर तिथं दिवसभर काळ्या विजारींचे ढीग. मानेवर आणि मांड्यांवर चट्टे उठले. तिथून अवजारांच्या मुठी बांधायच्या कामावर गेली. मुठी काळ्या रबराच्या. आठवडा संपायच्या आत बोटं फुटली. मुकादम म्हणाला, "बाई, काम करायचं नसेल तर सरळ सांगा ना. रबराची कुणाला ॲलर्जी असते का? उद्या म्हणाल हवेची आहे." थोरलीनं त्याला लांबलचक नाव सांगायचा प्रयत्न केला. त्यानं जांभई दिली.

शेवटी इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला जागा मिळाली. चादरी, उशांचे अभ्रे, सगळं पांढरं. वाफेनं अंग उकडून निघायचं, खांदे भरून यायचे, पण हातांच्या भेगा मिटल्या. डोक्यावरच्या मात्र काही जागा कायमच्या गेल्या. तिथं केस आलेच नाहीत. बरोबरीच्या बायका कधी मागचं विचारायच्या. ती म्हणायची, "मी लोकांची डोकी काळी केली. तोंडं त्यांची त्यांनी केली." बायका खो खो हसायच्या. थोरली हसायची नाही.

पुढच्या वर्षी कधीतरी भाची खोलीवर आली. चहाचा कप घेताना तिनं तो तळव्यांच्या कडांत धरला, बोटं न लावता. थोरलीनं कप काढून घेतला आणि तिचे हात उताणे केले. बेचक्यांत बारीक फोड होते.

"कधीपासून?"

"साबणानं असेल, मावशी. तू तेव्हा कुठलं मलम लावायचीस ते विचारायला आले. आईला नाव आठवत नाही."

"मलम राहू दे. काम सोड."

"सोडून कसं चालेल? फलकावर माझा चेहरा आहे. आईला दुसरं कोण आहे?"

"तुझ्या आईला मी होते," थोरली म्हणाली.

भाची मलमाचं नाव घेऊन गेली. थोरलीला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यातली पाळी संपल्यावर ती इतक्या काळानं पहिल्यांदाच दुकानात गेली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. धाकटीनं तिला बघून तोंडभर हसू आणलं, ते गिऱ्हाइकांसाठी.

"पोरीचे हात बघितलेस का?" थोरलीनं विचारलं. "तिला हे काम थांबवायला सांग. माझं झालं ते तिचं होईल."

"ताई, आत ये, आत बोलू."

"आत नाही. मी पुष्कळ वर्षं आत होते."

धाकटीचं हसू उतरलं. "मग ऐक इथंच. तुझ्याच हातांचं लागलं तिला! इतके दिवस तुझ्या हाताखाली होती ना पोर?"

थोरलीनं डोक्याचा रुमाल सोडला. टाळूवरच्या उघड्या, चकचकीत जागा सगळ्यांना दिसल्या. "बघा," ती बसलेल्या बायकांना म्हणाली. "हे याच दुकानातल्या कलपानं झालंय, आणि माझ्या बहिणीच्या हातानं. सगळ्यांना होत नाही. पण ज्याला होतं त्याचं हे असं होतं. आता या पोरीचे हात बघा." तिनं भाचीकडं बोट केलं. भाचीनं हात एप्रनखाली घातले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक बाई डोकंभर कलप लावून, प्लास्टिकची टोपी घालून बसली होती. तिनं घड्याळाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण माझा धुवायला अजून किती वेळ आहे?"

कुणीतरी फिसकन हसलं. भाची तोंड फिरवून म्हणाली, "मावशी, तू जा आता."

थोरली गेली. त्यानंतर धाकटीनं रस्त्यावर सगळ्यांना सांगितलं की ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि डोक्याचे ते डाग बघितलेल्यांना ते पटलंही. दुकान मोडलं नाही, उलट शेजारचा गाळाही त्यात आला. धाकटीच्या अंगावर कधी साधा फोडसुद्धा उठला नाही.

भाची आणखी एकदाच आली. या वेळी तिनं कप नीट दांडीला धरला. हात मऊ, स्वच्छ होते.

"मी आता कलपाला हात लावत नाही, मावशी."

थोरलीनं ते हात आपल्या हातांत घेतले. तिला भरून आलं. "शहाणी गं माझी बाई. सोडलंस ना शेवटी?"

"सोडलं म्हणजे, आता मी पुढं बसते. आईचे गुडघे दुखतात. कलपाला दोन मुली ठेवल्यात, बाहेरगावच्या."

"त्यांना सांगितलंस?"

"काय सांगायचं? हातमोजे देतो ना आम्ही."

"ते पातळ?"

भाचीनं चहाचा घोट घेतला.

"आणि त्यांचे हात फुटले की?"

"मुली काय, मिळतात मावशी," भाची म्हणाली. ती वाईट मनानं म्हणाली नाही. बाजारात आज टोमॅटो मिळतात म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. थोरलीनं तिचे हात सोडले. भाचीला निघायची घाई होती. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

दोनचार दिवसांनी थोरली दुकानाच्या पलीकडं, बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. दुकान सुटलं, त्या दोघी मुली बाहेर आल्या. वयानं अगदी कोवळ्या, एकमेकींना टाळ्या देत चाललेल्या. थोरलीनं त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. ते लांबलचक नाव सांगितलं, पहिल्यांदा खाज कुठं सुटते ते सांगितलं, कुठल्या डॉक्टरांकडं जायचं ते सांगितलं.

पहिली मुलगी मैत्रिणीला कोपरानं ढोसून हसली. "तुम्ही त्याच ना? ताईंनी सांगितलंय तुमच्याबद्दल. याल म्हणाल्या होत्या."

ताई म्हणजे भाची. दुकानात आता तिला ताई म्हणत होते.

दुसरी मुलगी हसली नाही. तिनं थोरलीच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. तेवढ्यात बस आली आणि दोघी घाईनं चढल्या.